मामींच्या खांद्याला झेपेल असं मशीन

तोलारमामांच्या हाताशी पैज लावून जिंकलेला माणूस त्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. हरलेले मात्र खंडीभर सापडतील. धान्याच्या गोदामात मामांनी काट्यावर चौतीस वर्षं काढली. हमाल पोतं घेऊन दारातून आत येत असतानाच, त्याच्या पाठीचा बाक बघून मामा पुटपुटायचे, "ब्याण्णव," आणि काटा मागाहून मान डोलवायचा. गल्लीत कुणाकडे मूल झालं की पहिल्या आठवड्यात ते मामांच्या हातांवर यायचं. मामा त्याला दोन्ही तळव्यांवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "दोन किलो नऊशे. अंगावरचं कापड वजा करून." दवाखान्याच्या कागदात दहावीस ग्रॅमचा फरक निघालाच तर मामा तो दवाखान्याच्या काट्यावर ढकलून मोकळे.

पुढे गोदामात लाल आकड्यांचा काटा आला आणि मामा घरी बसले. माणूस घरी बसला की त्याची किंमत घटते म्हणतात. मामांचं तसं काही झालं नाही, कारण घरात त्यांची किंमत आधीपासूनच बेताची होती. मामी म्हणायच्या, चौतीस वर्षांत ह्यांनी घरात काम केलं ते एकच, मी झाडत आले की खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर उचलायचे. तेही दोनदा सांगितल्यावर.

मामी म्हणजे बारीक चणीची, तोंडाने तिखट आणि हाताला उसंत नसलेली बाई. दोन खोल्यांचं घर, पण आरशासारखं. बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक जाड गालिचा होता. गोदामाचं ऑफिस नवं केलं तेव्हा मालकाने जुना म्हणून दिलेला, मधे टेबलाच्या पायांचे चार खड्डे पडलेला. मामींचा त्याच्यावर फार जीव. आल्यागेल्याला त्या चपला काढायला लावायच्या आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणायच्या, बसा की खालीच, गालिचा आहे.

मागच्या वर्षी मामींना खोकला लागला. आधी सकाळचा, मग रात्रीचा, मग जिना चढला की. काढे झाले, गोळ्या झाल्या, शेजारणींचे सल्ले तर पोत्याने झाले. छातीत शिट्टी वाजायला लागली तेव्हा मामांनी त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाठीला नळी लावून ऐकलं, फुंकर मारायच्या यंत्रात फुंकायला लावलं आणि विचारलं, काम काय करता. मामी म्हणाल्या, घरीच असते. बाईंनी पुन्हा एकदा पाठीला नळी लावली. म्हणाल्या, ही तर धान्याची धूळ खाल्लेली छाती आहे. गोदामात काम करणाऱ्यांची असते अशी. तुमची कशी?

"वाऱ्याने येते," मामी म्हणाल्या. "गल्लीच तसली आहे."

मामा खुर्चीच्या काठावर बसून आपल्या हातांकडे बघत होते. वारा बदनाम झाला होता, पण चोर कोण ते दोघांनाही ठाऊक होतं. रोज संध्याकाळी मामा दारात यायचे आणि मामी त्यांना उंबऱ्यावरच अडवायच्या. शेतातल्या बुजगावण्यासारखे हात पसरून मामांनी उभं राहायचं आणि मामींनी आखूड ब्रशने त्यांची कॉलर, पाठ, बाह्या, विजारीच्या दुमडी झटकायच्या. डोक्यावर टॉवेल फिरवायचा. मगच घरात पाऊल. शेजारी चेष्टा करायचे की मामा रोज नव्याने लग्न करून आल्यासारखे उंबऱ्यावर उभे असतात. चौतीस वर्षं गोदामातली धूळ मामांच्या अंगावर बसून दारापर्यंत आली आणि दारात मामींच्या श्वासात उतरली. मामांची छाती मात्र ठणठणीत. काटा गोदामाच्या तोंडाशी, वाऱ्यावर होता.

दवाखान्यातून परतताना मामा दोन पावलं मागून चालत होते. वळणावर मामीच म्हणाल्या, "तोंड तसलं करू नका. मेले नाही मी अजून."

बाईंनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या. केरसुणी बंद. गाद्या आणि गालिचा झटकणं बंद. धूळ ओढायचं मशीन घ्या, पण ओढलेली धूळ परत बाहेर सोडणार नाही असं. मशीन चालू असताना आणि नंतर अर्धा तास पेशंटने दुसऱ्या खोलीत, दार लावून. मामांनी चारही ओळी पाठ केल्या. घडी घालून कागद खिशात ठेवला आणि दिवसातून दोनदा काढून तपासू लागले, जणू वजनाची पावती.

पैशाचं काय, तर मामांच्या खालच्या कवळीसाठी सहा हजार बाजूला काढलेले होते. त्याच्या वर जायचं नाही असं ठरलं. मामी म्हणाल्या, आणि दात? मामा म्हणाले, दात नंतर, दम आधी. चावायचं काय, ते मी हळूहळू चावेन.

आता खरा घोळ पुढेच होता. मामींचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. हात छातीच्या वर जात नव्हता, केस विंचरायचे तर मान खाली घालून हातापाशी न्यावी लागे. तेव्हा मामांनी मनाशी पक्कं केलं की मशीन मामींच्या खांद्याला झेपेल असंच घ्यायचं. अडीच किलो. त्याच्या वर एक छटाकही नाही. वजनाचा निर्णय झाला म्हटल्यावर मामांना वाटलं, तीन हिस्से काम उरकलं. बाकी काय, दुकानात जायचं, उचलून बघायचं आणि घ्यायचं.

पहिल्या दुकानातला विक्रेता बोलण्यात पटाईत होता. मशीन दाखवायच्या आधी त्याने आकडे दाखवले. हे बाराशे वॅट, हे सोळाशे वॅट, आणि हे बघा काका, दोन हजार. मामांनी वॅट म्हणजे काय ते विचारलं. ताकद, तो म्हणाला. मामांनी पुन्हा विचारलं, कसली ताकद. मग हळूहळू बाहेर आलं की वॅट म्हणजे मशीन वीज किती घेतं.

"म्हणजे हा खाणं सांगतोय," मामा मामींकडे वळून म्हणाले. "आमच्याकडे एक हमाल होता, जेवायला बसला की चौघांचं जेवायचा. पोतं उचलायची वेळ आली की त्याची कंबर धरायची." मग विक्रेत्याला समजुतीच्या सुरात म्हणाले, "खाणं नको सांगू, बाबा. ओढणं किती ते सांग."

ओढण्याचा आकडा खोक्यावर कुठेच नव्हता. विक्रेत्याने खोकं चारी बाजूंनी फिरवून बघितलं आणि चहा मागवू का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दुकानात हलकी मशीनं होती, उभी, दांड्याची. एकावर लिहिलेलं, दोन किलो सहाशे. मामांनी ते हातात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, तीन किलो चारशे. तिथल्या माणसाने खोक्यावर बोट ठेवलं. मामांनी शांतपणे विचारलं की हे वजन दांड्यासकट आहे का, की दांडा शेजाऱ्याने धरायचा. पार्सलच्या काट्यावर ठेवलं तर आलं तीन किलो तीनशे ऐंशी. दुकानातली चार गिऱ्हाइकं कामं सोडून बघायला आली. मामांनी जाता जाता सांगितलं, तुमचा काटा वीस ग्रॅम मारतो, दुरुस्त करून घ्या. मामींनी दुकानाबाहेर येऊन त्यांना कोपराने ढोसलं. म्हणाल्या, धूळ राहिली बाजूला, तुमचीच जत्रा चाललीये.

घरी येऊन मामांनी विचार केला. वजन आपल्याला कळतं, पण धूळ बाहेर सोडतं की नाही हे हातावर घेऊन कळत नाही. त्याला दुसरी कसोटी पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते जुन्या गोदामात गेले आणि काट्याच्या चौथऱ्याखालून पिठासारखी बारीक धूळ कागदाच्या पुडीत बांधून आणली. जाड कचरा काय, कुणीही उचलतो. खरी चोर ही बारीक. हिला जे मशीन धरेल ते खरं. मामींना ही युक्ती सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मामी पुडीकडे बघत राहिल्या.

तिसरं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. तिथे विकायला एक पोक्त बाई होत्या, गळ्यात दोरीला चष्मा, अंगावर काळा ॲप्रन, बोलणं मोजकं. त्यांनी वॅट सांगितले नाहीत. विचारलं, घरी गालिचा आहे का, दमा कुणाला आहे का, किती खर्च करायचा आहे. आणि नेमकं मामांच्या मनात होतं तसं एक छोटं दांड्याचं मशीन काढून दिलं. मामांनी हातात घेतलं. दोन किलो चारशे, दांड्यासकट. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू हरवलेलं मूल सापडलं. आणि किंमत सहा हजारांच्या आत.

"तू धर," त्यांनी मशीन मामींच्या हातात दिलं. "खांदा दुखतो का? नाही ना? चालवून बघ."

मामींनी धरलं. खांदा दुखला नाही. मामा खाली बसले, दुकानातल्या गालिच्याच्या तुकड्यावर पुडी उघडून धूळ पसरली आणि बटण दाबायला सांगितलं. मशीन घुंई करून सुरू झालं. धूळ पट्ट्यापट्ट्याने नाहीशी होऊ लागली. मामा गुडघ्यांवर बसून खाली बघत होते, खुशीत. वर बघायला हवं होतं. दांड्याच्या वरच्या टोकाला, मामींच्या हनुवटीच्या जरा खाली, एक फट होती. खालून ओढलेली हवा तिथून बाहेर पडत होती आणि तिच्याबरोबर ती बारीक चोरही.

मामींना पहिला ठसका लागला तेव्हा मामांना वाटलं, नेहमीचाच. दुसऱ्याला मशीन हातातून सुटलं. मग श्वास आत जाईना. ओठ मिटून, मान पुढे काढून त्या कपाटाला धरून उभ्या राहिल्या आणि छातीतली शिट्टी सगळ्या दुकानाला ऐकू येऊ लागली. विकणाऱ्या बाईंनी आधी प्लग ओढला, मग मामींना दारात वाऱ्यावर नेलं, बाकावर बसवलं, मामींच्या पर्समधला औषधाचा पंप काढून तोंडाशी धरला. एक दाब, थांबून दुसरा. पाणी दिलं. पाचेक मिनिटांनी शिट्टी बारीक झाली. मामी डोळे पुसून म्हणाल्या, झालं, झालं, काही नाही.

मामा पुडी हातात धरून तसेच आत उभे होते. धूळ त्यांनीच आणली होती. परत एकदा. ह्या खेपेला तर कागदात बांधून, आपण होऊन. त्यांनी पुडीची नीट घडी केली, दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात पँटला पुसले. मग आठवण होऊन पँटला पुसलेले हात पुन्हा बघितले आणि नळाखाली धुऊन आले.

विकणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्यासारखी परीक्षा कुणी घेत नाही, पण घेतलीत ते बरं झालं. ह्या किमतीत हलकं असतं त्याची गाळणी अशीच असते. हलकं आणि चोख, दोन्ही एकत्र पाहिजे तर तिप्पट पैसे. मग त्या आतून एक मशीन ओढत घेऊन आल्या. चाकांवरचं, ठेंगणं, पाठीला टणक कवच, पुढे लांब नळी. दुकानात दाखवायला ठेवलेलं असल्याने एका अंगाला ओरखडे, म्हणून किंमत उतरवलेली. आत जाड कागदी पिशवी, आणि पिशवीमागे घडीघडीची गाळणी.

मामांनी आधी दाराकडे बघितलं. मामी उठून आत यायला निघाल्या होत्या.

"तू बाहेरच बस," मामा म्हणाले. "दार लावून घ्या हो जरा." काचेचं दार लागलं. मामी काचेपलीकडे बाकावर, मामा अलीकडे नळी धरून. गालिच्याच्या तुकड्यात उरलेली धूळ त्यांनी स्वतः ओढली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि विकणाऱ्या बाईंनी अंगातला काळा ॲप्रन काढून मशीनच्या मागच्या जाळीवर धरला. दोन मिनिटांनी दोघांनी तो उजेडात नेऊन बघितला. काळा तो काळाच. पांढऱ्याचा ठिपका नाही.

वस्तू चोख होती. मामांनी खाली वाकून कडी धरली, उचललं, डोळे मिटले आणि पुन्हा खाली ठेवलं. सात किलो दोनशे. त्यांचा चेहरा पडला.

"हिला झेपायचं नाही," ते म्हणाले.

"कुणाला?" विकणाऱ्या बाईंनी विचारलं.

मामांनी काचेपलीकडे बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला, काचेतून मामींकडे बघितलं, मग मामांच्या हातातल्या नळीकडे. "त्यांना तर तुम्हीच आत्ता बाहेर बसवलंत," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. पिशव्यांचं पाकीट शोधता शोधता त्या बोलल्या, जसं कुणी म्हणेल की तुमची छत्री राहिली.

मामांनी खिशातला कागद काढला. चौथी ओळ. पेशंटने दुसऱ्या खोलीत, दार लावून. इतके दिवस ती ओळ ते वाचत होते, घोकत होते, मामींनाही वाचून दाखवली होती. आणि तेवढ्याच दिवसांत तीन दुकानं पालथी घालून मशीन शोधत होते ते मामींच्या खांद्याला झेपणारं. पेशंट दाराआड बसणार आणि मशीन पेशंटच चालवणार. लहान पोरानेही हसावं. पण घरात झाडतं कोण हा प्रश्न मामांच्या डोक्यात कधी उगवलाच नव्हता. रोज पोटातून भूक येते तसा रोज मामींच्या हातून केर जातो, असंच होतं ते.

गोदामात जिना चढताना मधेच हमालाचा दम संपला तर पोत्यातलं धान्य कुणी कमी करत नसे. हमाल नुसतं म्हणे, "खांदा." मागचा माणूस न बोलता पुढे सरके, पाठ देई, पोतं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाई आणि चढणं पुढे चालू. मामांनी खुर्चीत बसून हे हजारदा बघितलं होतं. त्यांना कधी कुणी ‘खांदा’ म्हटलं नाही, ते काट्यावरचे. आणि मामी म्हणजे मोडतील पण तो शब्द तोंडातून काढायच्या नाहीत.

मामांनी कागदाची घडी घातली. नळीचा दांडा उभा धरला, जरा मागे-पुढे केला, आणि घसा साफ करून म्हणाले, "हा दांडा लांब होतो का? मला वाकावं लागतंय."

विकणाऱ्या बाईंनी दांड्याची कळ दाबली, टक करून एक पेर बाहेर आलं, मग दुसरं. मामा ताठ उभे राहिले. बाहेर मामींनी काचेला हात लावून आत बघितलं आणि त्यांना राहवेना. दार ढकलून त्या आत आल्या. काय चाललंय म्हणून विचारलं.

"माप घेतायत," मामा म्हणाले. "माझं."

"तुमचं कशाला?"

मामांनी कळ पुन्हा दाबली. दांड्याच्या पेरांकडे बघत राहिले. मामी त्यांच्याकडे, मग मशीनकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघत होत्या, आणि हळूहळू त्यांच्या ओठांचा एक कोपरा खाली ओढला गेला, रडण्याआधी जातो तसा किंवा हसण्याआधी. दोन्हीला वाव होता.

"तुम्हाला घरात केरसुणी कुठे असते ते तरी माहीत आहे का, अहो?"

"आता माहीत करून काय उपयोग," मामा म्हणाले. "ती बंद झाली."

मशीन सहा हजारांच्या जरा वर गेलं, पण विकणाऱ्या बाईंनी पिशव्यांचं पाकीट वर घातलं. खोकं मामांनी खांद्यावर घेतलं. गल्लीत गोदामासमोरून जाताना हमालांनी हाका मारल्या, मामा आज उलटं कसं काय, पोतं तुमच्या खांद्यावर. मामा थांबले नाहीत. थांबून खोकं खाली ठेवलं असतं तर परत उचलायला दुसरा लागला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींना त्यांनी आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं, फटीला ओली चादर लावली. मग मशीन. पहिल्याच फटक्यात नळीने खिडकीचा पडदा गिळला. तो सोडवला तर वायर खुर्चीच्या पायाला. गालिच्यावर मामा पोतं ओढावं तसे नळी ओढत होते, रेटून. दारावर आतून थापा पडल्या. मशीन बंद करून मामांनी कान लावला. मामी म्हणत होत्या, ढकलू नका त्याला, त्याचं त्याला येऊ द्या, तुम्ही नुसते बरोबर चाला. मामांनी तसं केलं तर जमलं. गालिच्याचा रंग पट्ट्यापट्ट्याने उघडा पडू लागला. तो तांबडा होता. मामा इतकी वर्षं त्याला तपकिरी समजत होते.

तासाभराने घामाघूम होऊन त्यांनी बटण बंद केलं आणि दाराला पाठ टेकून खालीच बसले. आतून मामींनी कडी हलवली.

"थांब," मामा म्हणाले. "अर्धा तास."

"अहो, झालं की आता. चहा टाकते."

"कागदावर अर्धा तास लिहिलंय."

मग त्याही आतून दाराला टेकून बसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज आता मामांच्या खांद्याजवळून यायला लागला. मामांनी विचारलं की पायपुसणं कुठे झटकायचं. मामींनी सांगितलं, झटकायचं नाही, धुवायचं. मामांनी विचारलं, रोज एवढं करायचीस. मामी म्हणाल्या, ह्याहून जास्त, आणि वर तुमचं जेवण. दाराच्या फळीतून मामींचा श्वास ऐकू येत होता. शिट्टी होती अजून. एका दिवसात कुठली जाते. मामा मान तिरकी करून ऐकत राहिले, आत किती जातो, बाहेर किती येतो.

"तुम्ही कपाटाखाली गेला नाहीत," आतून मामी म्हणाल्या.

"गेलो होतो."

"नाही गेलात. कपाटाखाली गेल्यावर आवाज घुमतो. मी इथे बसून ऐकत होते. घुमला नाही."

मामांनी कपाटाकडे बघितलं. खाली काळोखात करड्या लोकरीसारखं काहीतरी शांतपणे पडून होतं. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"म्हणजे परत अर्धा तास," मामी आतून म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात हसू होतं, तक्रार नव्हती.

"परत अर्धा तास," मामा म्हणाले आणि बटण दाबलं.